शेवटी मुलगी हसते

बस स्टँडच्या समोर, चपलांचं दुकान आणि फुलवाली यांच्या मधे जे निळं शटर आहे, तो फोकसमावशीचा फोटो स्टुडिओ. खोली एवढीशी, की जोडीने फोटो काढायचा तर मावशीला पाठ दाराला टेकवावी लागते. कुटुंब मोठं असलं तर ती सरळ रस्त्यावर उभी राहून आत कॅमेरा रोखते. ‘पोट आत, हनुवटी वर!’ हा तिचा मंत्र. लग्नाच्या गर्दीत कुणी आडवं आलं की ‘फोकस! फोकस!’ म्हणून अशी ओरडते, जणू समोरच्याचं आडनावच फोकस आहे. त्यावरून नाव पडलं. खरं नाव आता तिच्या थोरल्या बहिणीला सोडून कुणाच्या तोंडी नाही.

ती या स्टुडिओवाल्याच्या घरात लग्न होऊन आली तेव्हा चौदा वर्षांची होती. लग्नाच्या फोटोत तिचे डोळे मिटलेले आहेत. बघणाऱ्याला वाटतं, नवरी लाजली. ‘लाजतेय कसली,’ ती म्हणते, ‘मला झोप लागली होती.’ एवढं ती हसून सांगते आणि पुढचं सांगत नाही. पहिलं बाळ जगलं नाही, दुसरंही नाही, आणि मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की अंग पुरतं भरायच्या आत ओझं पडलं, आता होणे नाही. नवरा गरीब स्वभावाचा होता. बायकोचं मन रमावं म्हणून त्याने तिला कॅमेरा शिकवला, आणि एका तापाचं निमित्त होऊन गेला. पदरात लेकरू नाही, गळ्यात कॅमेरा. तेव्हापासून पंचक्रोशीतली लग्नं तिनेच टिपली. कित्येक नवऱ्या तिच्याच वयाच्या होत्या, म्हणजे ती नवरी होती त्या वयाच्या. त्यांचे फोटो ती फार जवळून काढायची नाही. जवळून वय दिसतं.

म्हणून एका संस्थेच्या मॅडम स्टुडिओत आल्या आणि म्हणाल्या, ‘लहान मुलींची लग्नं थांबावीत म्हणून आम्हाला मोबाइलवर फिरतील अशा छोट्या फिल्म करायच्या आहेत, इथलीच माणसं घेऊन,’ तेव्हा मावशीने पैशाचं विचारलंही नाही. आधी दोन फिल्म झाल्या. एकीत डॉक्टरीणबाई बोलल्या, दुसरीत कायदा काय म्हणतो ते. प्रत्येकीच्या शेवटी हेल्पलाइनचा नंबर. दोन्ही गावोगावच्या ग्रुपवर गेल्या, आणि कमाल म्हणजे लोकांनी त्या पाहिल्या. कुठे काही दिसलं तर माणसं खरोखर फोन करायला लागली. मॅडम हरखून गेल्या.

तिसरी फिल्म गोष्टीची करायची ठरली. नवरीचं काम कोण करणार, हा प्रश्न होता. मावशीच्या डोळ्यांसमोर एकच पोर आली. तिची भाची.

ही मावशीच्या थोरल्या बहिणीची एकुलती एक लेक. नववीत होती. जन्मल्यापासून तोंड मिटलं नाही म्हणून घरात सगळे तिला टकळी म्हणत. तिच्या वडिलांची, म्हणजे दाजींची, गावात पिठाची गिरणी. गिरणीच्या घरघराटातही टकळीचा आवाज ओसरीवरून ऐकू यायचा. शाळा सुटली की ती तडक स्टुडिओत यायची, स्टुलावर बसायची, आणि मावशीच्या मांडीएवढ्या कॉम्प्युटरवर लग्नांचे व्हिडिओ बघत नवऱ्या मुलांच्या मिशांवर टीका करायची. मावशीला पोटची पोर नाही, हे टकळी असेपर्यंत तिला कधी आठवायचंच नाही.

दाजी आधी कुरकुरले. ‘खोटं का होईना, नवरी करताय तिला.’ मग म्हणाले, ‘पण चांगल्या कामासाठी आहे ना? मग कर बाई. तू शिकव तिला, माझी हरकत नाही.’ दाजी तसे वाईट नव्हते. लेकीला नर्स करायचं, असं ते दळणाला आलेल्या प्रत्येक बाईला सांगायचे. ताईने स्वतःच्या लग्नाचा लाल पोशाख पेटीतून काढून दिला. बाही मोठी होत होती, ती मावशीने आतून टाचली. इस्त्री फिरवताना नेमकं कुणीतरी दारात आलं आणि बाहीवर बदामाएवढा डाग पडला. ताई म्हणाली, ‘राहू दे, कुठे खरं लग्न आहे!’

शूटिंगच्या आदल्या दिवशी मॅडम आणि मावशीची जुंपली. मॅडमचं म्हणणं, फिल्म शाळेपासून सुरू करू: मुलगी अभ्यास करते, हुशार आहे, मग घरात लग्नाचं निघतं.

‘मॅडम, शाळा कोण बघणार?’ मावशी म्हणाली. ‘मी आयुष्यभर लग्नं विकतेय. नवरी दिसली की माणूस हातातला घास खाली ठेवतो. पहिल्या झटक्याला लग्न दाखवा. वाजंत्री, लाल पोशाख, डोक्यावर फुलांची जाळी, नवऱ्याचा हात. माणूस थांबला की मग सांगा काय सांगायचं ते.’

मॅडमना पटलं. कुणालाही पटलं असतं. मावशी तिच्या धंद्यात पक्की होती.

टकळीने काम झकास केलं. एरवी गप्प न बसणारी पोर कॅमेऱ्यासमोर अशी गप्प झाली, की बघ्यांमधल्या एका बाईने डोळ्याला पदर लावला. मावशी ‘कट’ म्हणाली, आणि पुढच्याच क्षणी फुलांमुळे टकळीला सटकन शिंक आली. तिने डोक्यावरची जाळी ओढून काढली, नवरा झालेल्या पोस्टमनच्या मुलाला म्हणाली, ‘तुझा हात किती घामट आहे रे!’ आणि पोट धरून हसत सुटली. मावशीने कॅमेरा बंद करायच्या आधीच ती हसली होती, त्यामुळे ते हसूही आत राहिलं. फिल्ममध्ये अर्थातच ते घेतलं नाही. फिल्म संपते ती मुलगी कोऱ्या पाटीकडे बघत म्हणते, ‘मला अजून शिकायचंय,’ तिथे.

फिल्म बाहेर पडली आणि वाऱ्यासारखी पसरली. मावशीचा अंदाज अगदी खरा ठरला. लोक थांबले. फक्त एक गोष्ट तिने लक्षात घेतली नव्हती. लोकांनी ती स्टेटसला ठेवली, आणि स्टेटसवर सुरुवातीचा तुकडा तेवढाच बसतो. पुढचं आपोआप गळतं. पाटी गळाली, ‘मला अजून शिकायचंय’ गळालं, संस्थेचं नाव गळालं. उरलं काय? वाजंत्री, लाल पोशाख, फुलांची जाळी, आणि गिरणीवाल्याची लेक.

आधी थट्टाच झाली. गिरणीवर दळणाला आलेल्या बायका म्हणायच्या, ‘दाजी, लेकीचं उरकलंत आणि आम्हाला आवतण नाही होय?’ दाजीही हसायचे. पण तो तुकडा जसजसा दूरच्या गावांत गेला, तसतशी तिथली माणसं थट्टा न करता खरंच मानायला लागली. आणि ज्यांनी खरं मानलं, त्यातल्या भल्या माणसांनी काय केलं? जे मावशीच्या आधीच्या दोन फिल्मनी त्यांना शिकवलं होतं तेच. हेल्पलाइनला फोन केला.

एक दिवस गिरणीसमोर सरकारी गाडी थांबली. एक साहेब, एक बाई, दोन पोलीस. दाजी गिरणीचा पट्टा चढवत होते, अंगभर पीठ, भुवयासुद्धा पांढऱ्या. अख्ख्या गावासमोर त्यांना विचारलं गेलं, ‘मुलीचं लग्न कधी लावलंत?’ ताईने रडत मावशीला फोन केला.

मावशी कॉम्प्युटर काखोटीला मारूनच पोचली. तिने तिथल्या तिथे, पिठाच्या पोत्यावर ठेवून, शूटिंगचं अख्खं रेकॉर्डिंग दाखवलं. ‘कट’ आलं, शिंक आली, घामट हात आला, हसू आलं. साहेबही हसले. पोलीस हसले. मावशीने लिहून दिलं की हे लग्न खोटं आहे, चित्रीकरण आहे, पुन्हा तक्रार आली तर ती हीच समजावी. साहेब जाताना म्हणाले, ‘बाई, पोरीने काम मात्र झकास केलंय हो.’ मावशीला तेव्हा बरं वाटलं. त्या वाटण्याची तिला आजही चीड येते.

गाडी गेली, पण धूळ खाली बसली नाही. पोलीस आले एवढं सगळ्यांनी पाहिलं होतं. पोत्यावर काय दाखवलं ते चार जणांनी. ‘लग्न झालंय म्हणे.’ ‘मग पोरगी अजून शाळेत कशी?’ ‘नांदवलीच नसेल. टाकली असणार.’ जिचं लग्नच झालं नव्हतं, ती पोर गावाने टाकलेली ठरवून टाकली. शाळेच्या वाटेवर पोरं तिला नवऱ्याचं नाव विचारायची. टकळी आधी उलटून बोलली, मग नुसती रागावली, मग वाट बदलली, मग एक दिवस शाळेत गेलीच नाही.

मावशीने हातपाय मारले. टकळीला समोर बसवून नवी फिल्म केली: ‘मी गिरणीवाल्यांची मुलगी. माझं लग्न झालेलं नाही. ती गोष्ट होती.’ ती फिल्म तिने स्वतः सगळीकडे पाठवली. ती कुणी पुढे पाठवली नाही. ज्यात नवरी नाही ते कोण बघणार? हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती, ते वाक्य तिचंच होतं. मॅडम दोनदा गावात येऊन बैठक घेऊन गेल्या. बैठकीला माणसं आली, मान हलवून गेली.

‘तुझी चूक नाही,’ दाजी तिला म्हणाले. ओसरीवर बसले होते, गिरणी बंद होती. ‘पण तूच सांग, उद्या हिला कोण दारात उभं करणार? नर्स झाली तरी टाकलेलीच म्हणतील. जात्यातले रडतात, सुपातले हसतात. मी रोज दळतो, मला कळतं.’

‘दाजी, दोन वर्षं जाऊ द्या. लोक विसरतात.’

‘लोक विसरतील. फोन विसरतो का?’

दाजी दुष्ट असते तर तिला भांडता आलं असतं. ते लेकीच्या काळजीनेच लेकीचं वाटोळं करायला निघाले होते, आणि ते त्यांना दिसत नव्हतं.

काही दिवसांनी ताई स्टुडिओत आली. लाल पोशाख शूटिंगपासून तिथेच खुंटीला होता. ‘धुऊन पेटीत ठेवते,’ म्हणाली. मावशीने घडी करून दिला. ताई दारात जरा रेंगाळली, काहीतरी बोलणार असं वाटलं, तेवढ्यात पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक आलं. ताई गेली.

मग ती सकाळ. मावशी शटर वर करत होती, आणि शेजारची फुलवाली पाणी शिंपडता शिंपडता म्हणाली, ‘आज परत शूटिंग का गं? तुझी ताई मघाशी तशीच जाळी विणून घेऊन गेली.’

शटर अर्धं वर होतं. मावशीने ते तसंच सोडलं.

रिक्षात बसल्या बसल्या तिने हेल्पलाइनला फोन लावला. नंबर पाठ होता, तिनेच तो तीन फिल्मच्या शेवटी मोठ्या अक्षरात टाकला होता. पलीकडे एक तरुण मुलगा, शांत आवाजाचा.

‘गिरणीवाल्यांची मुलगी? मॅडम, ती तक्रार बंद आहे. ते चित्रीकरण होतं.’

‘अरे बाळा, ते चित्रीकरण माझंच होतं. आजचं खरं आहे.’

‘तुम्हीच लिहून दिलंय, पुन्हा तक्रार आली तर हीच समजावी म्हणून. फार फोन आले या मुलीबद्दल. फोटो आहे का काही?’

लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. त्या पोराचं चुकलं होतं, तो खोटं ओरडला होता. इथे कुणीच खोटं ओरडलं नव्हतं.

ताईच्या अंगणात माणसं थोडीच होती. वाजंत्री नाही, फोटोवाला नाही. मुद्दामच नव्हता. टकळी मधोमध बसलेली, लाल पोशाखात, डोक्यावर फुलांची जाळी. शेजारी एक अनोळखी मुलगा, ओठावर नुकती कुठे लव फुटलेली. टकळीने एरवी त्या मिशीची काय दशा केली असती! मावशीने फाटकातूनच मोबाइलने फोटो घेतला आणि पाठवला. लगेच फोन आला.

‘मॅडम, हा जुनाच आहे. तोच पोशाख, तीच फुलं. बाहीवरचा इस्त्रीचा डागसुद्धा तोच आहे.’

‘तो डाग माझ्या हातून पडलाय रे! पोशाख तोच आहे, लग्न दुसरं आहे!’

पलीकडे कुणाशी तरी हळू बोलणं झालं. फोनवरचा मुलगा वाईट नव्हता. ‘साहेबांना विचारलं. ते म्हणतात, व्हिडिओ पाठवा, पूर्ण, न कापलेला. मागच्या वेळी तुम्हीच दाखवलं होतं ना, शेवटी मुलगी हसते. याचा शेवट पाठवा. मग गाडी काढतो.’

मावशी फोन ठेवून सरळ अंगणात घुसली. ‘थांबवा हे! दाजी, पोर चौदाची आहे!’ माणसं उठली. कुणा म्हाताऱ्याने तिला अडवलं आणि फार शांतपणे विचारलं, ‘हिला पहिल्यांदा नवरी कुणी केली, बाई?’

ताईने येऊन तिचे दोन्ही हात घट्ट धरले. ‘पाया पडते तुझ्या. पुन्हा पोलीस दारात आले तर हे जीव देतील. खरंच देतील. तू बघितलं नाहीस, रोज गिरणीच्या पट्ट्याकडे बघत बसतात.’ त्या हातांतून हात सोडवून घेणं, हे मावशीने आयुष्यात केलेलं सगळ्यात कठीण काम. तिने ते केलं. मोबाइल वर धरला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. दाजींनी ते पाहिलं. त्यांनी अडवलं नाही, नुसती मान फिरवली.

वडीलधाऱ्यांनी जे म्हणायचं ते म्हटलं. मुलाचा हात मुलीच्या हातात दिला. मावशीने आयुष्यात पहिल्यांदा नवरीचा फोटो जवळून घेतला. टकळीने तिला पाहिलं. पाहिलं मात्र, आणि पोरीची हनुवटी आपसूक वर गेली, उजेडाच्या बाजूला, शिकवली होती तशी. मग ती वाट बघत राहिली. सगळे उठले तरी ती मावशीकडेच बघत होती.

गाडीकडे नेताना तिला मावशीच्या अगदी जवळून न्यावं लागलं. टकळी थबकली. ओठ जेमतेम हलले.

‘मावशी, एकदा कट म्हणून बघ ना.’

मावशीने मोबाइल तसाच रोखून धरला. शेवट पाठवा, असं सांगितलं होतं. रेकॉर्डिंग तोडायचं नव्हतं.

तो व्हिडिओ मिळताच ऑफिसमधून गाडी निघाली, हे खरं. साहेब मुलाच्या गावी पोचले, हेही खरं. तिथे चार मोठ्या माणसांच्या मधे उभं करून टकळीला विचारलं, तुझी मर्जी होती का? फिल्ममध्ये जे वाक्य तिने एवढं सुंदर म्हटलं होतं, ते तिच्या तोंडून निघालं नाही. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. केस झाली, तारखा पडल्या. दाजी प्रत्येक तारखेला जातात आणि कुणाशी बोलत नाहीत. टकळी अजून तिकडेच, त्या मुलाच्या घरी आहे. ताई एकदा भेटून आली, म्हणाली, ‘बरी आहे. कमी बोलते.’

मावशी अजूनही मॅडमसाठी फिल्म करते. सोडावं असं तिला वाटलं होतं. पण मग बंदच पडेल, आणि बंद पडून कुणाची मुलगी वाचणार आहे? आता तिच्या फिल्ममध्ये नवरी कुठेच नसते. लोक कमी बघतात.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती कधीकधी दोन्ही व्हिडिओ लावते. पहिल्यात पोर शिंकते, जाळी ओढून काढते आणि हसत सुटते. दुसरा खूप लांब आहे. गाडीचं दार लागतं, गाडी वळते, धूळ उडते, मग नुसता रस्ता दिसतो, आणि तो बराच वेळ दिसत राहतो, कारण मावशी मोबाइल खाली घेत नाही. तिला साहेबांनी सांगितलं होतं, शेवटी मुलगी हसते. ती वाट बघत होती.